भाकऱ्या कुणाच्या कार्डावर

पाटस, ता. दौंड
१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

चि. अपेक्षा हिला आज्जीचा सप्रेम जय भीम. जावई सम्राटराव यांनाही सांग.

तुला एक आज्जी आहे, याची आठवण करून देते. नाव कस्तुराबाई. समोरचे दोन दात नाहीत, उजवा गुडघा चालताना वाजतो. आठवली का? मागच्या खेपेला आलीस तेव्हा चार्जर विसरून गेलीस, त्याच्या आधी नव्या चपला विसरलीस. आम्ही ते सगळं कपाटात जपून ठेवलंय. आता तू माणसं विसरायला लागलीस, ती कुठल्या कपाटात ठेवायची ते कळव. पोटुशी बाई विसरभोळी होते हे मला माहीत आहे. तुझ्या पप्पाच्या वेळी मी चुलीवर दूध ठेवून खुरपायला निघून गेले होते. पण दूध विसरणं वेगळं आणि आईचा फोन उचलायचं विसरणं वेगळं.

इकडे सगळं बरं आहे. पाऊस बेताचा झाला. शेळी व्याली, दोन पाठी झाल्या. कारखाना अजून बंद आहे, म्हणून तुझा पप्पा दिवसभर घरात माझ्या डोळ्यांसमोर असतो.

अक्षर बघून दचकली असशील. तू पुण्याला होस्टेलवर होतीस तेव्हापासून माझं प्रत्येक पत्र मी बोलायचे आणि तुझी मम्मी लिहायची. हे वाकडं अक्षर तुझ्या पप्पाचं. हजेरीच्या सहीपलीकडे त्यानं बऱ्याच वर्षांत काही लिहिलेलं नाही. मी 'न्हाई' म्हणते तर हा 'नाही' लिहितो. म्हणतो, 'आये, हैदराबादला जायाचंय पत्र, जरा बरं दिसाया पायजे.' माझं बोलणं सरळ करायचं तर कर म्हणलं, पण कोण काय बोललं ते जसंच्या तसं लिहायचं. एक शब्द गाळायचा नाही. त्यानं मान हलवली आहे. बघू किती टिकते.

पत्रच का, असं विचारशील. फोनवर तू लाल बटण दाबतेस. पत्राला बटण नाही. फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी वाचशील, एवढी मी तुला ओळखते.

तर ऐक. मी अजून हादरलेली आहे, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही. तशीही भाकरी जळकीच मिळते, त्याचं पुढे येईलच.

सुरुवात तुझ्यापासून होते, त्यामुळे कुरकुर करू नको. त्या प्राची मॅडमला आमच्या बचत गटाकडे तूच पाठवलंस. तुझी कंपनी गावोगावच्या बायांना ट्रेनिंग देते, तर आपल्या वस्तीतल्या बायांना का नको, असं म्हणून. हौसेनं केलंस, चांगलं केलंस. वैशाखी पौर्णिमा झाल्यावर मॅडम आल्या. आम्हाला विहारात सतरंजीवर बसवलं आणि म्हणाल्या, 'डोळे मिटा. पाच वर्षांनंतरची एक सकाळ बघा. तुम्ही कुठे आहात? काय काम करताय? आजूबाजूला कोण आहे?'

सिंधूबाईनं डोळे मिटले ते मिटलेच. घोरायला लागली. विठाबाई म्हणाली, 'मॅडम, मला डोळं उघडं ठिऊन उद्याचं दिसंना, मिटून पाच वर्सांचं कसं दिसंल?' मी म्हणलं, 'मी तर दिसतीय की. भितीवर, फोटोत, हार घालून.' बाया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'नाही आजी, जिवंत धरून सांगा.'

मग त्यांनी रंगीत कार्डं वाटली. जे दिसलं ते लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं कोण लिहील, असं त्यांनी विचारायचा अवकाश, सगळ्या बायांच्या माना तुझ्या मम्मीकडे वळल्या. आपल्या वस्तीत बँकेचा कागद असो, शाळेचा अर्ज असो की कुणाच्या लेकीला निरोप असो, पेन म्हणलं की राजश्री. ती पेन घेऊन एकीपुढून दुसरीपुढे सरकायला लागली.

माझ्यापुढे आली तेव्हा मी डोळे मिटून सांगितलं. थंडीचे दिवस. ओट्यावर कोवळं ऊन. गुडघा गप बसलाय. अपेक्षाचं पोरगं अंगणात शेळीमागं पळतंय. आणि राजश्री आतून तव्यावरची गरम बाजरीची भाकरी आणून देतेय, ठेच्यासंग.

तिनं सगळं लिहिलं. मधेच विचारलं, 'ठेचा हिरवा का लाल, आत्या?'

'हिरवा,' मी म्हणलं.

तिनं 'हिरवा' लिहिलं.

सिंधूबाईला जागी केली, तर तिला सून अंथरुणात चहा देताना दिसली. विठाबाईला दोन्ही सुना पाय दाबताना दिसल्या, एक एका पायाला, भांडण नाही. आम्ही हसत होतो आणि राजश्री लिहीत होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, 'ताई, तुमचं कार्ड?' ही म्हणाली, 'राहू द्या.' कार्डंही संपली होती. मॅडम म्हणाल्या, 'मग नुसतं बोला.'

राजश्रीनं पेनाला टोपण लावलं. उठून उभी राहिली. पदर खोचला, जसा ती विहिरीवर मोटार चालू करायच्या आधी खोचते. आणि म्हणाली, 'मला मोटारी भरायला शिकायचंय. नीट, सगळं. पाबळच्या शाळेत वर्षभर राहून शिकवत्यात, मी चौकशी केलीय. तिथनं आल्यावर पाटसच्या चौकात दुकान टाकणार. पाटीवर माझं नाव. सकाळी शटर मी वर करणार.'

अपेक्षा, तिच्या लग्नाला तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात त्या बाईच्या तोंडून मी एका दमात एवढं कधी ऐकलं नव्हतं.  आणि विहारात सगळ्यांत पहिली बोलले ती मी. काय बोलले? म्हणलं, 'आगं, पण भाकऱ्या कोण करंल?'

ती माझ्याकडे वळली. रागानं नाही, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, 'आत्या, भाकऱ्या तुमच्या कार्डावर हायत. माझ्या न्हाईत.'

 मॅडमनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच वाजवल्या, मग त्याही थांबल्या.

हे मोटारीचं खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं, हे मला नंतर कळलं. आपल्या विहिरीवरची मोटार दर उन्हाळ्यात जळते, तुला माहीत आहे. लाईट कमी-जास्त येते आणि आतली तार जळून जाते. पप्पा पाळीवर, म्हणून मोटार टेम्पोत घालून दौंडला भरायला नेणार कोण? राजश्री. तिथल्या पोपट मेकॅनिकच्या दुकानात ती तासन्‌तास बसायची. जुनी जळकी तार काढून तांब्याची नवी तार कशी वेटोळी घालून भरतात ते बघत. पुढे पोपट म्हणायला लागला, 'वहिनी, नुसतं बसण्यापरीस हे वेटोळं धरा.' मग धरता धरता ती भरायलाच लागली. संध्याकाळी उशिरा घरी आली की मी म्हणायचे, दुकानात गर्दी असेल. गर्दी कसली! उशीर तिच्यामुळेच व्हायचा. आपल्या रानातली गेल्या साली भरलेली मोटार तिच्याच हातची होती, आणि मला, तुझ्या पप्पाला, कुणालाच पत्ता नव्हता. ऐकून मी रानात गेले आणि त्या मोटारीकडे बघत उभी राहिले. मोटार काय सांगणार मला?

त्या दिवशी घरी आल्यावर तुझ्या पप्पाला आधी हसू आलं.

'मोटारी? म्हंजी गॅरेजात काम करणार?'

'गॅरेज न्हाई. पंपाच्या मोटारी.'

'आगं, लोक काय म्हणतील?'

'लोक म्हणतील, मोटार कवा मिळंल.'

मग त्याचं हसू गेलं. मग तो बोलला.

इथं तुझ्या पप्पानं पेन खाली ठेवलंय. म्हणतो, 'आये, ह्ये नको.' मी म्हणते, तोंडातून काढताना जड गेलं नाही, मग हातातून का जातंय? मान हलवली होतीस. लिही.

चहा मागतोय. चहा झाला. लिहितोय.

तर तो म्हणाला, 'जायचं तर जा. पण गेलीस की ह्ये घर तुझं न्हाई.'

राजश्री कणीक मळत होती. मळून संपवली, वर झाकण घातलं, हात धुतले आणि म्हणाली, 'घर आत्याच्या नावावर हाय. त्यांना इचारा.'

दोघांनी माझ्याकडे बघितलं. घरकुल मिळालं तेव्हा बाईच्या नावावर करायचं म्हणून माझा अंगठा घेतला होता, तो मी विसरूनच गेले होते. बघ, विसरणं तू कुणाकडून घेतलंस ते. आता तुला असं वाटेल की आज्जीच्या मनात काहीतरी थोर आलं असेल. काही आलं नाही. मला माझी भाकरी पाहिजे होती आणि राजश्री घरात पाहिजे होती. पण माझं घर हा बाप्या मला न विचारता दुसऱ्याला बंद करतोय, याची तिडीक आली. तोंडातून निघून गेलं, 'घर माझं हाय. तिला कवाबी या-जायाला मोकळं हाय. तुला अडचण आसंल तर तू जा. कारखान्याच्या गेटवर झोप.'

बोलले आणि मीच हादरले. सुनेला घराबाहेर जायला सासूनं दार उघडं धरून ठेवलं, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि आतली गोष्ट म्हणजे मला वाटलं होतं, जाईल आणि चार दिवसांत कंटाळून परत येईल.

मग तिनं तुला फोन लावला. तो स्पीकरवर होता, हे तुला माहीत नसेल. तिचे हात कपडे पिळत होते, म्हणून फोन दगडावर ठेवला होता. मी शेजारीच होते. तू म्हणालीस, 'मम्मी, तुला कळतंय का तू काय बोलतेयस? माझी डिलिव्हरी आहे! मी पुढच्या वर्षभराचं सगळं ठरवलंय. तू माझ्याकडे असणार, बाळाला बघणार, मी परत जॉइन होणार. तुझ्या भरवशावर ठरवलंय मी!'

ती म्हणाली, 'बाळंतपणाला मी येणार. पहिलं बाळंतपण माहेरी, इथंच. सव्वा महिना मी तुझ्यापाशी. पाबळच्या सरांना आत्ताच सांगून ठेवलंय. वरीसभर मातर न्हाई.'

तू म्हणालीस, 'या वयात हे कसलं खूळ? कुणी घातलं तुझ्या डोक्यात?'

मी दगडापाशी बसून आ वासला. कुणी घातलं म्हणजे? तूच नाही का पाठवलंस घालायला? नव्या पोरांना तू कंपनीत हेच विचारतेस ना, की तुमचं व्हिजन सांगा, पाच वर्षांनी कुठे असाल ते डोळ्यांपुढे आणा? त्याचा पगार घेतेस. आम्ही गावभर सांगतो, आमची नात लोकांना पुढचं बघायला शिकवते. मग तुझ्याच आईनं पुढचं बघितलं तर तुझ्या डोळ्यांपुढे अंधार का आला?

थांब. कागद चुरगाळू नको. तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. पोटात पोर असताना बाईला आई लागते. मला नव्हती, म्हणून मला जास्त कळतं. आणि तुझी मम्मी म्हणजे नेहमी हाताशी असलेलं माणूस. पाणी म्हणलं की पाणी. तिनं 'न्हाई' म्हणल्यावर तू दचकलीस, यात नवल नाही, आम्ही सगळेच दचकलो. पण तू फोन कापलास तो कापलासच. तिनं ओले हात पदराला पुसले, फोन उचलून बघितला आणि परत पिळायला लागली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. चादर मात्र अशी पिळली की त्या चादरीचा जीव जायचा बाकी राहिला.

ती जुलैत गेली. तुझी कॉलेजातली निळी बॅग घेऊन. वस्तीतल्या बाया रस्त्यापर्यंत आल्या होत्या. सिंधूबाई मला कानात म्हणाली, 'जाऊ कशी दिली गं?' मी म्हणलं, 'मी कुठं दिली? ती गेली.' तुझा पप्पा शेळी बांधतोय असं दाखवत गोठ्यातच राहिला. शेळी बांधलेलीच होती.

चार दिवस झाले. आठवडा झाला. ती आली नाही.

आता भाकरीचं. माझ्या बोटांत पीठ थापायचा जोर उरला नाही. मग तुझ्या पप्पानं हातात पीठ घेतलं. पहिली भाकरी झाली ती बघून मी विचारलं, 'ह्यो कुठल्या तालुक्याचा नकाशा?' दुसरी तव्याला चिकटली, तिसरी शेळीनंही हुंगून सोडली. आता बरी करतो. एक बाजू जळते, एक कच्ची राहते, मधली चांगली असते. विठाबाई मुद्दाम आमच्या दारावरून जाते आणि विचारते, 'काय ज्ञानदेवा, आज बेत काय?' आधी हा दार लावून घ्यायचा. परवा म्हणाला, 'पिठलं. येता का?' ती पळाली.

यावर तो स्वतःशी हसतोय. लिहिताना हसू नको, अक्षर आणखी हलतं.

गेल्या आठवड्यात पौर्णिमा झाली. विहारात खीर झाली. मी म्हणलं, चला, राजश्रीला खीर देऊन येऊ, बघून तरी येऊ तिथं काय चाललंय. मला वाटलं तुझा पप्पा नाही म्हणेल. सकाळी बघते तर हा दारात तयार, आणि पायापाशी गोणपाटात बांधलेलं धूड. आपल्या विहिरीवरची मोटार! गेल्या महिन्यात पुन्हा जळाली होती. म्हणलं, 'आरं, दौंड जवळ सोडून ही पाबळला नेतोस?' म्हणाला, 'जाता जाता हाय तर नेतो.' जाता जाता! चौफुल्याला गाडी बदलली, शिक्रापूरला बदलली, दर ठिकाणी हे धूड चढवायचं आणि उतरवायचं. कंडक्टर म्हणाला, 'काका, ह्याचं लगेज लागंल.' याचं सगळं आयुष्य एक रुपयासाठी घासाघीस करण्यात गेलंय, पण यानं चकार शब्द काढला नाही. मी खिरीची किटली मांडीवर धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हा माझाच का, असं वाटलं.

पाबळच्या शाळेत एका शेडमध्ये ठिणग्या उडत होत्या. तोंडाला काळा मुखवटा लावलेलं, पॅन्ट आणि बूट घातलेलं कुणीतरी लोखंड जोडत होतं. मी म्हणलं, 'दादा, आमची राजश्री कुठं भेटंल?' मुखवटा वर झाला. आत राजश्री.

मला खाली बसावं लागलं. सगळी पोरं 'आजी पाणी, आजी पाणी' करत धावली. पोरं राजश्रीला काकू म्हणतात आणि तिच्याकडून शिव्याही खातात. राजश्री शिव्या देते, अपेक्षा! मोकळेपणानं, सगळ्यांपुढे, आणि पोरं हसतात. घरात तिनं कधी कुत्र्याला हाड म्हणलं नाही.

तुझा पप्पा पुढे झाला. माफी मागेल, काहीतरी बोलेल, म्हणून मी कान टवकारले. यानं गोणपाट सोडलं, मोटार तिच्या बुटांपुढे ठेवली आणि म्हणाला, 'जळालीय.'

एवढंच.

ती खाली बसली. झाकण उघडलं, आत बघितलं, नाक जवळ नेऊन वास घेतला.  मग वर न बघताच म्हणाली, 'ठिवा. भरते.'

आणि हा रडला. लिही. मी म्हणते लिही. शेडच्या मागे नळापाशी जाऊन रडला, तोंड धुतोय असं दाखवत. नळाला पाणी नव्हतं.

मग आम्ही तिघं झाडाखाली बसलो. मी खिरीची किटली उघडली. तिनं एक चमचा खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. मी म्हणलं, 'खा की, तुला आवडती म्हणून एवढ्या लांबनं आणली.'

ती म्हणाली, 'आत्या, मला खीर आवडत न्हाई.'

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दर पौर्णिमेला या बाईनं खीर केली. वाढून झाल्यावर पातेल्यातली उरलेली तिनंच खाल्ली, ती मी डोळ्यांनी बघितली. म्हणलं, 'कवापासनं?'

'पयल्यापासनं.'

'मग खायचीस का?'

'टाकायची कशी?'

तुझ्या पप्पाकडे बघितलं, तर तो जमिनीकडे बघतोय. म्हणलं, 'बरं, मग आवडतं काय तुला? सांग, पुढच्या येळंला तेच आणीन.'

ती विचार करायला लागली. खरंच विचार करत होती गं. बोटांना काळं तेल लागलेलं, ते एकमेकांवर घासत बसली. मग म्हणाली, 'आठवावं लागंल, आत्या. आठवलं की सांगते.'

अपेक्षा, विहारात ती बोलली तेव्हा मी हादरले, मुखवट्यातून निघाली तेव्हा बसले, पण हे बोलणं मला सगळ्यांत जड गेलं. दुकान कुठं टाकायचं, पाटीवर काय लिहायचं, शटर कुणी वर करायचं, हे तिला लख्ख दिसतंय. आणि आपल्याला खायला काय आवडतं, हे तिला आठवत नाही. सगळ्या वस्तीच्या आवडी तिला पाठ आहेत. माझा ठेचा हिरवा, तुझ्या पप्पाचं पिठलं पातळ, तुझ्या वांग्यात शेंगदाणे जास्त. गाडीत परत येताना उरलेल्या खिरीची किटली मांडीवर धरून मी तिच्यातच बघत बसले. तुझा पप्पा दोनदा म्हणाला, 'आये, बरी हायस ना?'

आता कामाचं बोलते आणि संपवते.

तू दिवाळीच्या आधी इकडे ये. बाळंतपण इथंच. राजश्री येणार म्हणाली आहे, ती येणार. तू तिच्यावर चिडलीस तरी येणार, पण तू चिडलेली असताना तिनं तुझं करावं, हे मला बघवणार नाही. सव्वा महिन्यानंतर ती तिच्या शाळेत जाईल. मग मी तुझ्याबरोबर हैदराबादला येते. हसू नको. हैदराबादच्या गाड्या दौंडला थांबतात, मला फक्त वर चढवायला दोन माणसं लागतील. मला उचलायचं काम सांगू नको, पण मांडीवर बाळ मी दिवसभर सांभाळते. गाणी सगळी पाठ आहेत. जावईबापूंना स्वयंपाकाचं बघू दे. त्यांना अडलं तर तुझा पप्पा फोनवर सांगेल, तो आता जाणकार झाला आहे.

माझं कार्ड मी बदलायला घेतलंय. परवा ओट्यावर बसून मॅडमसारखे डोळे मिटले. ऊन दिसतं. तुझं पोरगं दिसतं, शेळी दिसते. भाकरीही दिसते, गरम आहे, वाफ निघतेय. ती कुणाच्या हातात आहे ते मात्र दिसत नाही. पुन्हा पुन्हा बघते, हात दिसत नाहीत. सध्या तेवढं तसंच ठेवलंय.

तुझ्या पप्पाला शेवटी स्वतःच्या मनानं दोन ओळी लिहायच्या आहेत. मी म्हणलं, हे माझं पत्र आहे. तुला काय म्हणायचं ते तुझ्या कागदावर लिही, आणि आधी पाबळला लिही. तुझ्या मम्मीसारखी दुसऱ्याच्या पत्रात शेवटी 'राजश्रीचाही जय भीम' एवढीच जागा मिळत गेली की काय होतं, ते आपण बघितलं.

तुझी तीच, वाजणाऱ्या गुडघ्याची,
आज्जी कस्तुराबाई
(अंगठा खाली उमटवला आहे. पुसट आहे, पण माझाच.)

शनिवार सकाळ

पत्र अजून तुझ्या पप्पाच्या खिशातच आहे. बरं झालं. आत्ता राजश्रीचा फोन येऊन गेला. आधी म्हणाली, मोटार भरून झाली, चालवून बघितली, आवाज चांगला आहे. मग म्हणाली, 'आत्या, आठवलं.'

लग्नानंतर तू पहिल्यांदा इकडे आलीस तेव्हा हैदराबादची ती खारट-गोड बिस्किटं आणली होतीस. पत्र्याचा मोठा डबा. सगळ्या वस्तीनं खाल्ली, विठाबाईनं ओच्यात नेली. राजश्री चहा करत होती. डबा घासायला घेतला तेव्हा तळाला चुरा होता, तो तिनं चहात टाकून उभ्या उभ्या खाल्ला. म्हणाली, 'तसलं चांगलं मी कवाच काही खाल्लं न्हवतं. डबा घासायचा म्हणून घासला, न्हाईतर वासासाठी ठिवला आसता.'

तर तीच बिस्किटं पाठव. मोठा डबा. इकडे पाठवू नको, इथं विठाबाई आहे. थेट पाबळला, शाळेच्या पत्त्यावर, वर नाव राजश्री ज्ञानदेव असं मोठ्या अक्षरात घाल. पत्ता तुला ठाऊक नाही, तो तिलाच फोन करून विचार. आणि डब्यात कागद नीट कोंबून बांध, बिस्किटं अख्खी पोचली पाहिजेत. चुरा तिचा खाऊन झालाय.